बर्किन बॅग : गुंतवणूक की खर्च?

सप्रेम नमस्कार.

पुढील महिन्यात मुदत पूर्ण होणाऱ्या १८ लाख रुपयांच्या ठेवीतून दुबईतील पुनर्विक्रेत्याकडची हर्मेस या फ्रेंच कंपनीची १६ लाखांची कोरी बर्किन बॅग घ्यावी, ठाण्याच्या घरी कपाटात जपून ठेवावी आणि सध्या दहावीत असलेल्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी नफ्यात विकावी, असा विचार आपण कळवला आहे. कंपनी पावणेदोनशेहून अधिक वर्षे टिकली आहे आणि बॅगांच्या किमती चढत्याच राहिल्या आहेत, हा आपला आधार आहे. कंपनीविषयीचे आपले मत रास्त आहे. मात्र त्यावरून बॅग घेण्याचा जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मला मान्य नाही, आणि त्याची कारणे कंपनीच्या इतिहासातच आहेत.

तिएरी हर्मेस यांनी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्याचा कारखाना काढला. मोटारी आल्या तेव्हा त्यांचे नातू एमिल-मोरिस यांनी धंदा प्रवासी सामान आणि हातबॅगांकडे वळवला, पण शिवण खोगिराचीच ठेवली. मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून त्या एकाच भोकातून समोरासमोर काढतात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. हे काम हातानेच होते आणि एक बॅग साधारणपणे एकच कारागीर पूर्ण करतो. कारागीर तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून मागणी वाढली तरी माल लगेच वाढत नाही. ज्या टंचाईच्या भरवशावर आपण पैसे घालू पाहता, तिचे मूळ इथे आहे; ती किती राखायची हे कंपनी ठरवते, बॅगेच्या मालकाच्या हाती त्यातले काहीच नसते.

बर्किन १९८४ मध्ये आली. कंपनीचे तत्कालीन प्रमुख जाँ-लुई द्युमा यांची विमानात अभिनेत्री जेन बर्किन यांच्याशी गाठ पडली, त्यातून ही बॅग जन्मली. आज दिसते तशी मागणी तिला पहिल्या दिवसापासून नव्हती. बर्किन यांच्यासाठी बनवलेली मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, पण तो एका ऐतिहासिक वस्तूचा भाव होता आणि आपल्या बॅगेला तो लावता येणार नाही.

मला अधिक बोलकी वाटते ती २०१० ची घटना. कंपनीचे समभाग १९९३ पासून पॅरिसच्या शेअर बाजारात होते, आणि एलव्हीएमएच या प्रतिस्पर्धी समूहाने सुमारे १७ टक्के हिस्सा गोळा केल्याचे तेव्हा उघड झाले. त्यावर हर्मेस घराण्याच्या वारसांनी एकत्र येऊन निम्म्याहून अधिक समभाग एका कौटुंबिक कंपनीत बांधून टाकले. टंचाईचा फायदा कंपनीच्या मालकीतून मिळतो, हे त्या घराण्याला पक्के ठाऊक होते.

आपल्या व्यवहारात तो फायदा पुनर्विक्रेता आधीच काढून घेतो. आपण दुकानाच्या किमतीवर त्याने लावलेली जास्तीची रक्कम देणार, आणि विकताना दुसरा विक्रेता स्वतःचे कमिशन वजा करून भाव सांगणार. मधल्या काळात ना व्याज, ना लाभांश. मूळ पावती नसेल तर अस्सलपणावरच शंका येते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते हे वेगळे सांगायला नको. शिवाय एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, १६ लाख पाठवले तर १० लाखांवरील ६ लाखांवर २० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार रुपये टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जाईल. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. विमानतळावरचे सीमाशुल्क मात्र परत मिळत नाही. वैयक्तिक वापराच्या वस्तूंना भांडवली नफ्याच्या करातून जी सवलत आहे, ती विकण्यासाठीच घेऊन कोरी ठेवलेल्या बॅगेला मिळेल असे गृहीत धरू नका. सनदी लेखापालांचे मत आधी घ्या.

कंपनीवरच विश्वास असेल तर परदेशी समभागांत थोडी रक्कम घालता येते, पण ती या ठेवीतून नको. एकाच कंपनीचा भाव दोन वर्षांत कुठेही असू शकतो, त्यात युरोच्या चढउताराची भर पडते, आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद करावी लागते ती निराळीच. आणि बॅग मनापासून आवडली असेल, तर त्यात गैर काहीच नाही. ती वापरण्यासाठी, बोनसमधून साठवलेल्या पैशांतून, खर्च म्हणून घ्या.

मुलीचे १८ लाख पुन्हा मुदतठेवींतच ठेवावेत असा माझा स्पष्ट सल्ला आहे. चार भाग करा, पहिल्याची मुदत प्रवेशाच्या आधीच्या मे महिन्यात संपेल असे पाहा आणि पुढचे तीन भाग एकेका वर्षाच्या अंतराने ठेवा. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच मिळते, तेव्हा हे चार भाग चार वेगवेगळ्या बँकांत ठेवणे अधिक बरे.