कोर्स नंतर, आधी पेशंटपासूनचं अंतर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन येऊन गेला. तुझी एसवायची परीक्षा संपल्यापासून घरात रोज रात्री बैठक बसते म्हणे. भावोजींचं म्हणणं, मेडिकल प्रवेशाची "नीट" परीक्षा आणखी एकदा दे. ताईचं म्हणणं, पुरे झालं, एमएस्सी कर. आणि तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस. मला मात्र रात्री साडेअकराला मेसेज केलास: "मावशी, मेडिकलमध्ये डॉक्टर सोडून काय काय असतं?"

यादी मी देणार नाही. यादी कुठेही मिळते, आणि ती वाचून माणूस नावाला भुलतो. अख्खी नोकरी पालिकेच्या हॉस्पिटलात काढल्यावर मला विचारशील तर सांगेन, कोर्स नंतर बघ. आधी हे ठरव की आजारी माणसाच्या किती जवळ बसायचंय आणि किती वेळ. राउंडवरचा डॉक्टर एका खाटेशी दोन-तीन मिनिटं थांबतो. सिस्टर आठ तास तिथेच असते. लॅबवाल्याला फक्त नळी दिसते, आणि साथरोगांवर काम करणाऱ्याला हजारो पेशंट दिसतात, पण चेहरा एकाचाही नाही. यातलं कुठलंच काम हलकं नाही. प्रश्न एवढाच, की तुला कुठलं रोज झेपेल.

माझं काम जवळचं, आणि रेंगाळणारं. प्रेस मशीनमध्ये हात गेलेली मुलं आमच्याकडे यायची. सर्जन टेंडन, म्हणजे बोट हलवणारी स्नायूची दोरी, शिवून देतो. पुढचे तीनेक महिने ते बोट आम्हा ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांच्या ताब्यात, म्हणजे हात पुन्हा रोजच्या कामाला लावणाऱ्यांच्या. स्प्लिंट, म्हणजे हाताला हव्या त्या स्थितीत धरणारा आधार, कसा करतात ते तू कधी पाहिलं नसशील. खास प्लास्टिकचा पत्रा मापाने कापायचा, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये सोडायचा, मऊ पडला की टॉवेलवर टिपायचा, आधी स्वतःच्या हाताला लावून चटका बसत नाही ना बघायचं आणि मग पेशंटच्या हातावर चढवायचा. गार होऊन कडक होईपर्यंत त्याचं मनगट हव्या त्या कोनात धरून ठेवायचं. कोन चुकला की पुन्हा पाण्यात. हे सगळं चालू असताना तो एकच विचारत राहतो: "मॅडम, कामावर कधी जाऊ?" पुढच्या आठवड्यात मोजपट्टीवर त्याचं बोट पाच अंश जास्त वाकलं, तर तो दिवस चांगला. पाच अंशांनी ज्याला आनंद होतो तो या कामात टिकतो. ज्याला रोज नवीन काहीतरी घडायला हवं असतं तो वैतागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याने कॅज्युअल्टीत जावं.

(हे शिक्षण आपल्या देशात आधी परळलाच सुरू झालं. 1950 साली कमला निंबकरांनी केईएममध्ये त्याची शाळा काढली. तरी आजही आम्हाला "मालिशवाल्या बाई" म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्याची सवय करून घ्यावी लागते.)

आता नीटबद्दल. भावोजींना सांग, आपल्या राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-श्रवण या पदव्यांचे प्रवेशही नीटवरच होतात. तेव्हा पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल तर "एमबीबीएस नाहीतर काही नाही" हे डोक्यातून काढून दे. पण हेही लक्षात घे की हे कोर्स पहिल्या वर्षापासून सुरू होतात. झालेली दोन वर्षं त्यात वळती होत नाहीत. परवडेल का, पैशाने आणि मनाने, ते तुम्ही तिघांनी एकत्र बसून बोला.

टीवाय पूर्ण करून पुढे जायचं असेल तरी दारं कमी नाहीत. लॅबचं दार तुझ्या मायक्रोबायोलॉजीला सगळ्यात जवळचं. फरक एवढा, की कॉलेजात प्लेटवर जंतू उगवले नाहीत तर जर्नलमध्ये तसं लिहून मोकळं होता येतं. हॉस्पिटलात त्या प्लेटच्या पलीकडे कोणीतरी तापाने फणफणलेलं असतं आणि वॉर्डातला रेसिडेंट डॉक्टर तिसऱ्यांदा फोन करून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायचा रिपोर्ट, आलं का म्हणून विचारत असतो. टीबीच्या कल्चरला तर कित्येक आठवडे जातात. जीनएक्स्पर्ट या मशीनवरच्या तपासणीमुळे रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी आता दोन तासांत कळतो. अशा कामात शांत डोकं लागतं आणि लेबल दोनदा वाचायची सवय लागते. ती तुझ्याकडे आहे, मी तुझ्या वह्या पाहिल्यात.

मला विचारशील तर तू देवनारकडेही बघावंस. तिथल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टीआयएसएस) पब्लिक हेल्थ आणि हॉस्पिटल प्रशासन या दोन्हींचं पदव्युत्तर शिक्षण आहे. देवनारलाच लोकसंख्या विज्ञानाची आयआयपीएस ही संस्थाही आहे, पण तिथे आकड्यांची गोडी हवी. पब्लिक हेल्थ म्हणजे नुसती भाषणं आणि पोस्टर, असं तुझ्या आईला वाटतं. तिला मुंबईच्या प्लेगची आठवण करून दे. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला, हाफकिन या शास्त्रज्ञाने 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे सगळे सांगतात. पण त्याच प्लेगमुळे 1898 मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दाटीवाटीच्या शहराला बाहेर जागा हवी म्हणून दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आखले गेले. तू रोज ज्या रस्त्याने कॉलेजला जातेस तो रस्ता आरोग्य खात्याचं औषध समज.

हॉस्पिटलातल्या सोशल वर्करचं काम बहुतेकांना दिसतच नाही. जेजेत 1946 साली पहिली नेमणूक झाली तेव्हापासून हे पद आपल्याकडे आहे. जळगावहून आलेल्या बाईला केमो लिहून दिली, पुढे? राहायचं कुठे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, औषधाला पुअर बॉक्समधून, म्हणजे हॉस्पिटलच्या गरीब पेशंटच्या निधीतून, किती मिळतील, नवरा गावाला परत गेला तर सोबत कोण. हे कोणीतरी बसून सोडवतं म्हणून उपचार पुरे होतात. नाहीतर ती बाई केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर दिसेनाशी होते.

नर्सिंगला घरून नाक मुरडतील, नाइट ड्यूटीवरून. मुरडू देत. परदेशी जायचं मनात असेल तर यातल्या बऱ्याच वाटांपेक्षा ती वाट रुळलेली आहे. तुझी फिजिक्सवाली मैत्रीण आहे ना, तिला सांग की एमएस्सीनंतर बार्कचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो. कॅन्सरच्या मशीनमधून किती रेडिएशन कुठे जायचं याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट करतो.

पैशाबद्दल खरं सांगते. सुरुवातीचा पगार बघून तुझ्या आयटीतल्या भावाला हसू येईल. पालिकेच्या कायम जागा क्वचित निघतात, कंत्राटी कामं जास्त. खासगीत घासून घेतात. हे माहीत असून यायचं असेल तरच ये.

आणि स्टेशनबाहेरच्या "पॅरामेडिकल, शंभर टक्के नोकरी" या पाट्यांपासून लांब राहा. फी भरायच्या आधी त्या कोर्सला कोणाची मान्यता आहे ते स्वतः तपास: नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, वाचा-श्रवणाला रिहॅबिलिटेशन कौन्सिल, लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस वगैरेंसाठी 2021 च्या कायद्याने नेमलेला राष्ट्रीय आयोग. "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" असं काउंटरवर सांगितलं तर हसून बाहेर पड.

सुट्टीत एवढं कर. तुझ्या एनएसएसच्या सरांकडून कॉलेजचं पत्र घे. वर्षाचे 120 तास तसेही भरायचे आहेत, ते रक्तदान शिबिराच्या बिस्किटवाटपात घालवू नकोस. माझी जुनी सहकारी अजून खात्यात आहे, विभागप्रमुखांची परवानगी ती विचारेल. मिळाली तर सकाळी साडेआठला केसपेपरच्या रांगेपासून सुरुवात कर. फोटो काढायचे नाहीत, पेशंटचं नाव घरी येऊनही घ्यायचं नाही. जो कोणी काम करताना दिसेल त्याला "तुमचं काम काय" असं विचारू नकोस. "काल दिवसभर काय केलंत" असं विचार. पहिल्याचं उत्तर पाठ असतं.

त्याआधी हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते ताईला विचार. नसेल तर आताच सुरू कर: आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. पुढे लॅबला गेलीस काय किंवा वॉर्डात, ती लागणारच.

भावोजींशी मी बोलेन, पण तू आधी बोल. कॉलेजचं पत्र मिळालं की लगेच कळव, म्हणजे सोमवारी माझ्या त्या सहकारीला फोन करते.

तुझी,
मावशी