संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात डेटा मॅनेजरची नोकरी धरावी की पीएचडी करून संशोधक व्हावं?

तुम्ही लिहिलंय की मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झालंय, साथीच्या आजारांवरच काम करायचंय, एका ट्रायलमध्ये (म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या अभ्यासात) डेटा मॅनेजरची नोकरी चालून आलीये, पण घरचे म्हणतात ही तर टायपिंगची नोकरी, त्यापेक्षा पीएचडी कर. मी आधी चार वर्षं टीबीच्या लॅबमध्ये होते आणि आता बरीच वर्षं डेटावर आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते.

टायपिंगचं आधी. टीबीच्या ट्रायलमध्ये पेशंटच्या थुंकीचं कल्चर लावतात, म्हणजे त्यात टीबीचे जंतू वाढतात का ते बघतात, लिक्विड कल्चरला (पातळ द्रवात लावलेल्याला) 42 दिवस वाट बघायची आणि काहीच वाढलं नाही तर निगेटिव्ह. पण कधीकधी भलतेच जंतू वाढून बसतात आणि रिपोर्ट येतो 'कंटॅमिनेटेड', म्हणजे टीबी आहे की नाही ते कळलंच नाही. मी जॉइन झाले तेव्हा फॉर्मवर दोनच पर्याय होते, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. मग कोणी रकाना रिकामा सोडायचं, कोणी निगेटिव्हवर टिक करायचं, आणि औषधाने पेशंट बरा झाला का हे तर त्याच रकान्यावरून ठरणार होतं! मला ते दिसलं कारण मी स्वतः कल्चर लावलेली होती, नुसतं कॉम्प्युटर येणाऱ्याला दिसलं नसतं. नंतर आम्ही तिसरा पर्याय घातला आणि जुने सगळे रिपोर्ट लॅबच्या रजिस्टरशी परत ताडून बघितले, महिना गेला त्यात. तुमची एमएस्सी वाया जाईल अशी भीती असेल तर ती सोडून द्या, ती रोज लागते.

आणि डेटाकडे लक्ष नसलं की काय होतं त्याचं उदाहरण जगाने बघितलंय. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 केसेस रोजच्या आकड्यांतून गळल्या, कारण लॅबकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये घेत होते आणि त्यात 65,536 च्या वर ओळीच बसत नाहीत. त्या लोकांना स्वतःचा रिपोर्ट मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम लांबलं. व्हायरसबद्दल सगळं माहिती असलेले लोक तिथे होतेच की, फाइलमध्ये किती ओळी मावतात हे बघणारं कोणी नव्हतं.

आता संशोधकाची बाजू. पीएचडीची चार-पाच वर्षं, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), मग बऱ्याचदा अजून एक पोस्टडॉक, आणि मग स्वतःची ग्रँट, म्हणजे संशोधनासाठीचा निधी, मिळाली तर मिळाली. आमच्या विषयात अजून एक भानगड आहे, पैसा साथीच्या मागे धावतो. साथ आली की निधीसाठी अर्ज मागवणारे सगळे कॉल त्याच आजाराचे निघतात, ओसरली की तेच लोक पुढच्या आजाराचे अर्ज लिहीत बसलेले. ज्याला एक प्रश्न दहा वर्षं डोक्यात घेऊन फिरायला आवडतं आणि अर्ज नामंजूर झाला तरी दुसऱ्या दिवशी परत लिहायला बसता येतं त्याने खुशाल जावं, मला ते जमलं नसतं. प्रश्न काढण्यापेक्षा उत्तर चुकलेलं दिसलं की मला चैन पडत नाही, आणि हा स्वभावातला फरक आहे, हुशारीतला नाही.

पण डेटावाल्यांची नोकरी पक्की असते असंही समजू नका हं. आम्हीही ग्रँटवरच. टीबीचा नेहमीचा उपचारच सहा महिन्यांचा, त्यावर वर्ष-दीड वर्ष फॉलोअप, म्हणजे ट्रायल चार-पाच वर्षं सहज चालते आणि करार मात्र एकेका वर्षाचा. एकदा तर डेटाबेस लॉक व्हायच्या (म्हणजे सगळा डेटा तपासून कायमचा बंद करायच्या) दोन महिने आधी माझा करार संपत होता, कोणाच्या लक्षातच नव्हतं, मीच आठवण करून दिली (आणि मीच मीटिंगही लावली).

दुसरी कुरबुर पेपरवरच्या नावाची. मेडिकल जर्नल्समध्ये आयसीएमजेईचे (या जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) नियम चालतात, लेखक व्हायला चार अटी, आणि नुसता डेटा गोळा केला म्हणून नाव लागत नाही, पेपर लिहिण्यात किंवा गंभीरपणे तपासण्यातही हात लागतो. माझी पहिली काही वर्षं शेवटच्या आभाराच्या ओळीत गेली. नंतर शहाणी झाले, डेटा कसा गोळा केला, कसा तपासला, तो भाग मीच लिहून देते आणि पेपरचं बोलणं सुरू होतं तेव्हाच नावाचं विचारून घेते. सुरुवातीला लाज वाटते, विचारा तरी.

संशोधक आणि डेटावाले एकत्र बसले की काय होतं ते बघायचं तर कोविडच्या औषधांवरची ब्रिटनची रिकव्हरी ट्रायल बघा. पहिला पेशंट मार्च 2020 मध्ये घेतला आणि 16 जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात हे जाहीर केलं. तीन महिने फक्त! त्यामागे बरीच कारणं आहेत पण एक मला फार आवडतं, त्यांचा फॉर्म अगदी छोटा ठेवला होता, वॉर्डमध्ये धावपळ चालू असताना भरता येईल एवढाच. संशोधकाला नेहमी अजून चार रकाने हवे असतात, आणि 'याचं पुढे करणार काय?' असं विचारून ते काढायला लावणं हे आमच्या कामातलं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे क्वेरी, म्हणजे नमुना घेतल्याच्या आधीची रिपोर्टची तारीख कशी, वजन महिन्यात वीस किलो वाढलं कसं, असं साइटवरच्या (जिथे पेशंट बघतात त्या हॉस्पिटलमधल्या) नर्सला विचारत राहायचं, तेही तिला आरोप वाटणार नाही अशा भाषेत.

शिकायचं म्हणाल तर रेडकॅप (फॉर्म बनवून डेटा भरायचं सॉफ्टवेअर), आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) एवढ्यावर सुरुवात होते, जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवायच्या नियमांचं, सर्टिफिकेट तर कुठेही मागतातच. औषध कंपन्यांकडे जायचं असेल तर सॅस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि सीडिस्क (ट्रायलचा डेटा मांडायचे ठरलेले साचे), सरकारी आरोग्य कार्यक्रमांत जायचं असेल तर डीएचआयएस-2 (आरोग्य विभागांचे आकडे गोळा करायचं सॉफ्टवेअर). सगळं एकदम शिकत बसू नका.

माझं मत विचाराल तर नोकरी घ्या, दोनेक वर्षं करा, पीएचडी कुठे पळून जात नाही, उलट खरा डेटा हाताळलेला असला की विषय निवडताना कमी फसाल. फक्त हो म्हणायच्या आधी त्यांना विचारा की फॉर्म ठरवताना डेटा मॅनेजर बसतो का, आणि त्यांची डेटा डिक्शनरी (कुठल्या रकान्यात काय भरायचं याची यादी) बघायला मिळेल का. त्यांनी 'ते काय असतं?' असं विचारलं तर मात्र घरचे म्हणतात ते बरोबर आहे, ती टायपिंगचीच नोकरी आहे.