पगार नाही मग जातेस कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गुहागर तालुक्यातली, वय २३. रत्नागिरीला बीएस्सी केलं, मग पुण्यात मावशीकडे राहून बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकले. आता जर्मनीत एका वृद्धाश्रमात वर्षभर व्हॉलंटिअर म्हणून जागा मिळालीय, व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली, कागद पण आलेत. आई तयार आहे पण बाबा म्हणतात म्हाताऱ्यांचंच करायचंय तर घरात आजी आहे की, आणि पगार नाही मग जातेस कशाला. मला उत्तर देता येत नाही, कारण खरं तर मलाच नीट माहीत नाहीये. शिवाय गणपतीला मी घरी नाही असं एकही वर्ष झालेलं नाही. बाबांना काय सांगू? आणि सोबत काय नेऊ?

उत्तर: अगं, बाबांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे माणूस घर सोडून जातो यात नवीन काही नाही, घरटी एक चाकरमानी असतोच, पण तो कमवायला जातो, पूर्वी मनीऑर्डर यायची आता जीपे येतं, आणि गणपतीला गाडीला लोंबकळत का होईना पण तो येतो. तू जाणार, पैसेही येणार नाहीत आणि चतुर्थीला तूही येणार नाहीस, म्हणजे त्यांच्या हिशोबात दोन्हीकडून तोटा.

आधी हे नक्की काय आहे ते त्यांना सांग. तुझे कागद बहुतेक बीएफडीचे असणार, पूर्ण नाव बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, म्हणजे तिथल्या सरकारची स्वयंसेवक सेवा, नाव तोंडात बसत नाही म्हणून सगळे बीएफडीच म्हणतात. जर्मनीत पोरांना सक्तीने सैन्यात जावं लागायचं, ज्यांना बंदूक नको ती पोरं त्याऐवजी हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात काम करायची. २०११ मध्ये सक्ती थांबवली तेव्हा ही सगळी पोरं एकदम कमी झाली आणि त्याच वर्षी हा बीएफडी सुरू झाला. त्यांची स्वतःची कितीतरी मुलं बारावीनंतर एक वर्ष हेच करतात, त्यामुळे तुला कोणी गरीब देशातून आलेली मोलकरीण समजेल अशी भीती बाबांनी काढून टाकावी. पगार नसतो पण पॉकेटमनी असतो, टाशनगेल्ट म्हणतात, आरोग्य विमा असतो, वर्षाला निदान २५ दिवस सेमिनार असतात जिथे तुझ्यासारखीच इतर मुलं भेटतात. राहायची खोली आणि जेवण मिळतं की त्याचे वेगळे पैसे देतात हे जागेजागी वेगळं असतं, तेवढं करारात वाचून घे. आणि व्हॉलंटिअरने पगारी नर्सची जागा भरायची नाही असा नियम आहे, म्हणजे इंजेक्शनं देणं तुझं काम नाही, भरवणं, फिरायला नेणं, पत्ते खेळणं, कॉफी देणं हे तुझं काम.

आता आजीचं. तुला वाटतंय बाबा टोमणा मारतायत, मला तो टोमणा वाटत नाही. आजीला दवाखान्यात कोण नेतं, गोळ्या कोण देतं, रात्री कोण उठतं? ते तूच करत असशील तर बाबा खरं विचारतायत की तू गेल्यावर कोण. याला जर्मनीतलं काही उत्तर उपयोगाचं नाही, आईच्या गुडघ्यांचा विचार करून ही कामं वाटून दे आणि मगच बॅग भरायला घे.

मीसुद्धा असंच एक वर्ष काढलंय, छोट्या गावातल्या वृद्धाश्रमात, म्हणून एक गोष्ट सांगते जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. तिथे एक आजी होत्या, (तिथे आजी म्हणायचं नाही हां, आडनावाने हाक आणि अहोजाहो). त्या म्हणाल्या मला जरा बाहेर फिरवून आण. मी घाईत होते, म्हटलं हो हो, उद्या तीनला जाऊया. आपण कसं म्हणतो, येते उद्या, बघू, ज्याला सांगतो त्यालाही माहीत असतं की उद्या म्हणजे कधीतरी. दुसऱ्या दिवशी मला कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं आणि मी विसरले. साडेचारला कॉरिडॉरमधून जाताना बघते तर त्या दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपी, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, हातमोजे मांडीवर. तीनपासून. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, आता अंधार झाला. नोव्हेंबर होता. मी खोलीत जाऊन रडले, आणि त्या दिवसापासून ‘बघू’ हा शब्द मी जर्मनमध्ये कधीच वापरला नाही. जमणार असेल तर वेळ सांग आणि पाळ, नसेल तर तोंडावर नाही म्हण, त्यात त्यांना काही वाटत नाही. उलट तेही तुला फाडकन नाही म्हणतील तेव्हा घरी फोन करून रडू नकोस. आणि केक घेणार का असं एकदाच विचारतात. आपण पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा आग्रह झाला की घेतो, तिथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, मी पहिला महिनाभर अर्धपोटी होते गं.

अंधाराचं म्हटलं ते मनावर घे. आपण जून ते सप्टेंबर धो धो पावसात वाढलेली माणसं, तिथला पाऊस म्हणजे नुसती भुरभुर, त्याला घाबरू नकोस. पण डिसेंबरात साडेचारच्या आत-बाहेर सूर्य जातो आणि रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तेव्हा माणूस आतून कुजतो. रविवारसाठी काहीतरी ठरवूनच ठेव, गावातल्या कोरसमध्ये जा, पोहायला जा, काहीही. गणपतीचं सांगू का, घरी संध्याकाळची साडेसातची आरती म्हणजे तिथे दुपारचे चार, ड्युटी आधीच बदलून घे आणि व्हिडिओ कॉल लाव, रडू येईल, येऊ दे.

सामानाचं. तूप, पेढे, दुधाचं काही नाही, मांस नाही, युरोपात नेऊच देत नाहीत, आईने कितीही डबा पुढे केला तरी. हापूसपण नाही, फळाला कीड-रोग नाही असं सरकारी सर्टिफिकेट लागतं. गंमत म्हणजे अख्खा नारळ, केळी, अननस यांना ते सर्टिफिकेट लागत नाही. पण सुकं खोबरं विमानतळावरच अडवतात कारण ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. सुकी मासळी मात्र स्वतःपुरती चालते, तेव्हा सुकट, सोडे खुशाल ने, तीन पिशव्यांत घट्ट बांधून, आणि तिथे भाजताना आधी शेजारच्या खोलीत सांगून ये. मी सांगितलं नव्हतं, शेजारणीला वाटलं ड्रेनेज फुटलं. आमसुलं ने, कोरडी असतात, त्रास नाही.

प्रश्न: ताई, मी देवगडचा, १९ वर्षांचा. एक एजंट म्हणतो तीन लाख भर, जर्मनीत ओ पेअर म्हणून पाठवतो आणि वर्षानंतर तिथेच परमनंट नोकरी. भरू का?

उत्तर: नको. ओ पेअर म्हणजे जर्मन कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, महिना २८० युरो पॉकेटमनी, भाषेच्या क्लाससाठी वर ७० युरो आणि आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. राहणं-जेवण त्यांच्याकडे. तुला ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीपुरतं जर्मन यावं लागतं, आणि जास्तीत जास्त एक वर्ष, त्यानंतर ओ पेअर म्हणून वाढवून मिळत नाही. म्हणजे परमनंटची गॅरंटी देणारा सरळ खोटं बोलतोय. त्याला कुटुंबाचं नाव आणि करार माग, त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोल, बघ कसा फोन उचलायचा बंद होतो. आणि तीन लाख कुठून आणणार होतास ते लिहिलं नाहीस, बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचा विचार असेल तर आधी आईला विचार.