गाडी सुरू व्हायच्या आधीच

‘मुलीला गाडी लागते. सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की तिच्याही पोटात गोळा येतो आणि आमच्याही.’ मी समुपदेशक आहे; सुट्ट्या जवळ आल्या की शब्द बदलून हेच कानावर पडतं. पुढचे प्रश्नही ठरलेले: गोळी द्यावी का, उपाशी न्यावं का, मोठी झाली की जाईल ना? एका नऊ वर्षांच्या मुलीच्या निमित्ताने या सगळ्यांकडे पाहू. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं थोडंसंच इथे घेतलं आहे.

पहिल्या भेटीत आईने यादीच वाचली. “सगळं करून झालं, मॅडम. सकाळपासून काही खायला देत नाही. ऊन नको म्हणून खिडकीला पडदा लावते. मन रमावं म्हणून मोबाईल देते. आणि सारखी विचारत असते, मळमळतंय का गं?”

यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली, आणि प्रत्येकीने त्रास वाढत होता. आतला कान मेंदूला सांगतो की शरीर हलतंय. डोळे मोबाईलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असले तर ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही तेव्हा मळमळतं. पडदा आणि मोबाईल दोन्ही डोळ्यांना बाहेरची हालचाल दिसू देत नाहीत. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, तशीच तेलकट, भरपेट खाण्यानेही. निघण्याआधी तासभर दोन-चार कोरडी बिस्किटं किंवा टोस्ट आणि वाटेत घोटघोट पाणी पुरतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा गाडी लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होतो. पण ‘मोठी झाली की जाईल’ म्हणून नुसतं थांबणं मला पटत नाही. तोवर भीती मुरते.

ती मुरलेली होतीच. मी मुलीला विचारलं, “सगळ्यात आधी कसंतरी कधी वाटतं?”

“आई ती पिशवी हातात घेते ना, तेव्हा.”

“गाडीत?”

“नाही, घरीच. चपला घालताना.”

आई गप्प झाली. गाडीचं इंजिनही सुरू झालेलं नसताना मळमळ सुरू होत होती, म्हणजे हा भाग कानाचा नव्हता. पचनावरच्या कामासाठी 1904 साली नोबेल मिळालेल्या इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अन्न आणणाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटे. इथे चाहूल देत होती उलटीसाठी घेतलेली ती पिशवी आणि आईचा ‘मळमळतंय का गं?’ हा प्रश्न. मनाच्या तळाशी काय दडलंय ते शोधण्यापेक्षा शरीर काय शिकलंय ते पाहावं, या मताची मी आहे. शिकलेलं बदलता येतं.

म्हणून पिशवी मुलीच्या हाताशी येईल अशी गाडीतच कायमची ठेवायला सांगितली. प्रश्न बंद केला. त्याऐवजी मुलीने न बोलता बोटं दाखवायची: एक म्हणजे ठीक, तीन म्हणजे तोंडाला पाणी सुटतंय, पाच म्हणजे गाडी थांबवा. तीनला काच खाली, डोकं सीटच्या उशीला टेकवलेलं, चार आकड्यांत श्वास आत आणि सहात बाहेर. जांभया, पांढरा पडलेला चेहरा, बडबड्या मुलाचं एकदम गप्प होणं ही आधीची लक्षणं; पालकांनी न विचारता ती ओळखायला शिकावं. गाडीतला सुगंधी डबाही काढून टाकायचा.

खरं दार मात्र मुलीनेच उघडलं. एका भेटीत तिने विचारलं, “बाबांना का नाही लागत? ते पण त्याच गाडीत असतात की.”

नऊ वर्षांच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. चालवणाऱ्याला वळण यायच्या आधीच माहीत असतं. ब्रेक तोच दाबतो. त्याचं शरीर हिसक्याआधीच तयार असतं. मागे बसणाऱ्याला सगळं अचानक घडतं. मग ही आगाऊ माहिती मुलीलाच का देऊ नये? तिला काम दिलं: समोर दूर बघायचं आणि वळण, गतिरोधक, सिग्नल आधीच पुकारायचा. “डावं वळण येतंय, बाबा.” त्यासाठी तिला मागच्या रांगेत मधोमध बसवलं, कारण तिथून समोरची काच दिसते, बाजूच्या खिडकीतून जवळची झाडं सर्रकन मागे पळताना पाहणं तितकंसं उपयोगी नसतं. मात्र मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा हवा, आणि उंची कमी असेल तर बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक. समोर बघायला मिळावं म्हणून लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवू नये. एअरबॅग त्यांच्यासाठी धोक्याची असते. बाबांनाही गृहपाठ होता: पुढच्या गाडीपासून अंतर जास्त, ब्रेक लवकर आणि हळू.

मुलगी प्रवासी राहिली नाही, गाडीची कामगार झाली. हा बदल कुठल्याही गोळीने झाला नसता, असं मला अजूनही वाटतं.

सराव पायऱ्यांनी केला. आधी उभ्या गाडीत पाच मिनिटं, इंजिन बंद. मग इंजिन सुरू करून. मग सरळ रस्त्यावर पाच मिनिटं, मग दहा, मग वळणं. आठवड्यात दोन-तीनदा. एक पायरी दोनदा सुखरूप झाली की पुढची. इथे घरोघरी गडबड होते ती उत्साहाने: ‘आज छान आहे, अजून थोडं जाऊ.’ फेरी बोटं दोनवर असतानाच संपली पाहिजे. उलटीने संपलेली फेरी जुनाच धडा पक्का करते.

गोळीला माझा विरोध नाही. लांबच्या प्रवासाला ती लागू शकते, पण मात्रा वय आणि वजनावर असते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. निघण्याआधी अर्धा ते एक तास दिली तर उपयोग. उलट्या सुरू झाल्यावर फारसा नाही. या गोळ्यांनी बहुतेक मुलांना झोप येते, काही मात्र उलट चिडचिडी होतात, म्हणून पहिली गोळी घरी असताना देऊन पाहावी. आणि गाडीत नसतानाही चक्कर येत असेल, डोकं वारंवार दुखत असेल, तोल जात असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर समुपदेशकाकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जावं.

बरेच महिने प्रवास झाला नाही की त्रास पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नये. दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू करावं, या वेळी चढण लवकर होते.