शेवटच्या पंधरा टक्के पाण्याची वीज

प्रश्न : आमच्या कंपनीच्या जलधोरणात सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, असं उद्दिष्ट आहे. रोज १,००० घनमीटर सांडपाणी निघतं. वीज आम्ही बाजारातून, तासागणिक बदलणाऱ्या दराने घेतो. दर भडकले की पाण्याचा खर्च हाताबाहेर जातो. धोरणच चुकलंय का?

उत्तर : उद्दिष्ट चांगलं आहे, पण ते नुसतं लिटरमध्ये लिहिलंय. प्रत्येक घनमीटरपुढे युनिटही लिहा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिसेल. आरओला, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून गाळून क्षार वेगळे काढणाऱ्या यंत्रणेला, घनमीटरमागे साधारण दीड युनिट धरा, म्हणजे दिवसाला १,५०० युनिट. त्यातून ८५ टक्के पाणी परत मिळतं. उरलेलं १५० घनमीटर खारं पाणी एमव्हीआर इव्हॅपोरेटरमध्ये (वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरत पाणी उकळून काढणारं यंत्र) जातं आणि तिथे घनमीटरमागे २० ते २५ युनिट लागतात. २२ धरले तर ३,३०० युनिट झाले. शेवटचं १५ टक्के पाणी आधीच्या ८५ टक्क्यांच्या दुपटीहून जास्त वीज खातं.

म्हणून इव्हॅपोरेटरकडे पाठवण्याआधी हे खारं पाणी कमी करा. त्यावर उच्च दाबाचा दुसरा आरओ बसवला तर घनमीटरमागे पाचेक युनिट, म्हणजे ७५० युनिट वाढतात. पण इव्हॅपोरेटरकडे निम्मंच पाणी गेलं तर तिथले १,६५० वाचतात. दिवसाला निव्वळ ९०० युनिटांची बचत. कॅल्शियम आणि सिलिका आधी काढून टाकायला हवेत, नाहीतर मेम्ब्रेनवर, म्हणजे आरओच्या गाळण-पडद्यावर, थर बसतो, आणि सिलिकाचा थर साध्या आम्लाने निघत नाही.

महाग तासांत आरओ थांबवता येतो, मात्र थांबवताना मेम्ब्रेन शुद्ध पाण्याने धुवायलाच हवं. जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात त्या जैविक टाकीची हवा तासन्‌तास बंद ठेवू नका, जिवाणू गुदमरतात. इव्हॅपोरेटर तर तासातासाला चालू-बंद करायचं यंत्रच नाही. तापायला वेळ लागतो आणि थंड होताना क्षार नळ्यांत गोठतात. त्याचा विचार दिवसांत करा. दुसऱ्या आरओनंतर रोज उरणाऱ्या ७५ घनमीटरला १५० घनमीटरची साठवण टाकी म्हणजे दोन दिवसांची उसंत. पण इव्हॅपोरेटरची क्षमता गरजेपेक्षा २० टक्केच जास्त असेल, तर एका दिवसाचा साठा उपसायला पाच दिवस लागतात. हा आकडा आराखड्यात हमखास राहून जातो, आणि टाकी भरलेली असतानाच दर पुन्हा चढतात.

अंदाजपत्रक सरासरी दरावर बांधू नका. दुष्काळ दोन्हीकडून गाठतो. २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये नद्यांचं पाणी तापल्याने काही अणुवीज केंद्रांना उत्पादन कमी करावं लागलं, नॉर्वेच्या दक्षिणेकडचे जलाशय खालावले होते, गॅस तर आधीच महाग होता; ऑगस्टमध्ये युरोपात विजेचे दर विक्रमी पातळीवर गेले. नदीतून पाणी मिळेना म्हणून पुनर्वापरावर भार वाढतो, तेव्हाच वीजही महाग असते. सर्वांत कोरड्या महिन्याचा दर धरून हिशोब करा.

प्रश्न : पाणी वाचवण्यासाठी हवेवर चालणारं कूलिंग घ्यावं का?

उत्तर : पाणी जवळजवळ लागत नाही, पण पंख्यांची वीज वाढते आणि रणरणत्या दुपारी, मागणी आणि दर दोन्ही चढलेले असताना, क्षमता घटते. संमिश्र प्रकार बरा : एरवी कोरडं, त्या मोजक्या दुपारींपुरतं पाणी.