गाडीतला स्टिरिओ आणि ड्रॉवरमधला आयपॉड

ह्या महिन्यात पत्रं बघितली तर निम्मी गाडीतल्या गाण्यांवरचीच निघाली, म्हणून फ्रिज आणि इन्व्हर्टरवाल्यांनी एक महिना थांबा, तुमचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: काका, बाबांची जुनी हॅचबॅक आता माझ्याकडे आलीये, त्यात कॅसेटवाला स्टिरिओ आहे, ऑक्स (बाहेरचा प्लेअर वायरने जोडायची जागा) नाही, यूएसबी नाही, काहीच नाही. ड्रॉवरमध्ये त्यांचा जुना आयपॉड सापडला, चक्क चार्ज होतोय! त्यात आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं आणि भीमसेनजींच्या मैफली आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. मित्र म्हणतो एफएम ट्रान्समीटर घे, दुकानदार म्हणतो स्टिरिओच बदल. काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: दुकानदार तेच म्हणणार, त्याचं दुकान त्यावर चालतं. पण गाणी ऐकायच्या आधी ती वाचवा. आयपॉड काँप्युटरला लावा, लपवलेले फोल्डर दिसतील असं सेटिंग करा, मग आयपॉड कंट्रोल नावाच्या फोल्डरमध्ये म्युझिक आणि त्यात एफ-००, एफ-०१ असे फोल्डर सापडतील. फाइलींची नावं चार अक्षरांची आणि अगम्य असतील, घाबरू नका, गाण्याचं खरं नाव फाइलीच्या आत लिहिलेल्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये असतं (अर्थात बाबांनी टॅग भरले असतील तर). सगळं उचलून दोन ठिकाणी ठेवा. आणि काँप्युटरने 'सिंक करू का' किंवा 'इरेज करून सिंक करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, ह्या एका बटणाने लोकांची आख्खी गाणी गेलीयेत.

आता गाडी. तुमच्याकडे कॅसेटचं तोंड आहे हे खरं तर नशीबच, कारण कॅसेट अडॅप्टर नावाची भन्नाट गोष्ट मिळते. दिसायला कॅसेटच, पण आत टेप नाही, कडेने एक वायर बाहेर येते आणि तिच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन. डेकचा, म्हणजे स्टिरिओतल्या कॅसेट प्लेअरचा, हेड (टेप वाचणारा भाग) जिथे टेपला टेकतो नेमकं तिथे ह्यात एक छोटा हेड बसवलेला असतो, प्लेअरमधनं आलेला सिग्नल त्याच्या कॉइलमधनं जातो, त्याप्रमाणे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, आणि डेकला वाटतं आपल्यासमोरनं टेपच चाललीये. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे चार ठिकाणी विचारा, पहिला माणूस 'ते आता कुठे मिळतं' असं म्हणेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

घेताना एक बघा, अडॅप्टरची चाकं हाताने सहज फिरतायत ना. ऑटो रिव्हर्सवाल्या डेकला चाक अडलं की वाटतं टेप संपली, मग तो खट् करून साइड बदलतो, परत खट्, आणि भजन बिचारं मधेच लटकतं. डेकचा हेड इतक्या वर्षांत काळा झालेला असणार, तो कान साफ करायच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, आवाज किती उघडतो बघाच. स्टिरिओवर डॉल्बीचं (टेपची सरसर कमी करणारं) बटण असेल तर बंद ठेवा, नाहीतर तानपुरा घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो. आयपॉडचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवायचा, बाकी कमीजास्त स्टिरिओवरून. उलटं केलंत, म्हणजे आयपॉड हळू आणि स्टिरिओ फुल्ल, तर गाण्याबरोबर डेकची सरसर पण मोठी होते.

मित्राचा ट्रान्समीटर वाईट नाही, पण पुण्यात वैताग आहे. तो आयपॉडला जोडायचं छोटंसं रेडिओ स्टेशन असतो, त्याचं गाणं गाडीचा रेडिओ पकडतो, आणि ८७.५ ते १०८ ह्या पट्ट्यात त्याला मोकळी जागा लागते. इथे ९१.१ आहे, ९८.३ आहे, १०१ वर आकाशवाणी, १०७.४ वर विद्यापीठाची विद्यावाणी, शिवाय मधेमधे बाकीची मंडळी. जिथे फक्त खरखर ऐकू येते, आणि दोन्ही बाजूंनाही खरखरच आहे, अशी जागा शोधायची. कोथरूडमध्ये सापडलेली जागा घाट उतरून मुंबईच्या बाजूला गेलात की बहुतेक भरलेली निघते, मग गाडी चालवताना बटणं दाबत बसा. शिवाय एफएममध्ये साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. कॅसेटचं तोंड नसतं तर मी पण ट्रान्समीटरच सांगितला असता.

आणि आयपॉड मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका, बॅटरी फुगते. स्टिरिओ बदलायचा विचार हे सगळं करून बघितल्यावर.

प्रश्न: दादा, माझ्या गाडीत ऑक्स आहे, मोबाइल लावला की गाणं छान वाजतं पण मागे सतत कुईंऽऽ असा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की तो पण चढतो. वायर तीनदा बदलली. स्पीकर गेले का? (हडपसर)

उत्तर: स्पीकर ठणठणीत आहेत, ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा आवाज अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) असतो. मला एकच सांगा, तेव्हा मोबाइल लायटर सॉकेटमधल्या चार्जरवर असतो ना? पुढच्या वेळी कुईं सुरू असताना चार्जर काढा. आवाज गायब झाला की निदान झालं. होतं काय, की मोबाइलला गाडीची अर्थिंग दोन वाटांनी मिळते, एक चार्जरमधनं आणि एक ऑक्सच्या वायरमधनं, दोन्हीकडचा व्होल्टेज अगदी सारखा नसतो, म्हणून त्या गोल रस्त्यात थोडासा करंट फिरत राहतो आणि तो गाण्यात मिसळतो. ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय दोन. फुकटचा म्हणजे घरनं चार्ज करून निघा. दुसरा, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून काडेपेटीहून थोडी मोठी डबी मिळते, ती ऑक्सच्या वायरच्या मधे लावायची. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पलीकडे जातं पण तारांचा थेट संबंध तुटतो. अगदी स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मर बारके असतात आणि तबल्याचा बायां पातळ होतो, तेवढं दुकानात ऐकून घ्या. चौथी वायर मात्र घेऊ नका.

प्रश्न: अहो, मुलाने पेनड्राइव्हवर गाणी भरून दिली, पण गाडीत ती कशीही उलटसुलट लागतात आणि स्क्रीनवर नावाच्या जागी नुसते चौकोन. राग सुरू होतो दुसऱ्या भागापासून! (एक आजी, सहकारनगर)

उत्तर: आजी, मुलाची चूक नाही. बरेच स्टिरिओ नाव बघतच नाहीत, फाइल ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर आली त्याच क्रमाने वाजवतात. त्याला सांगा, ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट कर, नावापुढे ०१, ०२ लाव आणि एकेक करून क्रमाने कॉपी कर. चौकोन येतात कारण त्या स्टिरिओत देवनागरीचा फॉन्टच नाही, त्यामुळे फाइलचं नाव आणि आतला टॅग दोन्ही इंग्रजी अक्षरांत लिहायला लागतील. वाईट वाटतं, पण चौकोन वाचण्यापेक्षा बरं.

प्रश्न: नवीन स्टिरिओ बसवला, रोज सकाळी सगळी स्टेशनं आणि घड्याळ विसरतो. पीस खराब आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर: बहुतेक पिवळी आणि लाल वायर उलटी लागलीये. स्टिरिओची पिवळी कायम बॅटरीवर पाहिजे, तिच्यावर मेमरी जगते, आणि लाल किल्लीवर. काही गाड्यांत कंपनीकडनंच ह्या दोन जागा उलट आलेल्या असतात, बसवणाऱ्याने मीटर लावून बघायचं असतं. परत जा, पाच मिनिटांचं काम आहे, पण गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) मागा. माझ्या गाडीत एका पठ्ठ्याने कपलर न वापरता दोन्ही वायरी एकत्र पिळून बॅटरीवर दिल्या होत्या, स्टेशनं अगदी व्यवस्थित लक्षात राहायची, फक्त किल्ली काढली तरी स्टिरिओ बंद व्हायचा नाही, आणि त्या आठवड्यात दोनदा सोसायटीच्या वॉचमनने गाडीला धक्का मारून दिला.