सीडीवरची गाणी फोनमध्ये घेताना

विकत घेतलेली सीडी स्वतःच्या फोनवर उतरवायला हरकत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ खासगी वापरासाठी तेवढी मोकळीक देतं; २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणंही त्यात आली. मात्र मूळ प्रत अस्सल हवी. मंडईबाहेरच्या पायरेटेड डिस्कवरून घेतलेली प्रत ‘खासगी’ म्हणून सुटत नाही.

एमपी३ पेक्षा फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवा: सीडीमागे साधारण ३००-४०० एमबी, दर्जा जसाच्या तसा. चरे पडलेल्या सीडीला रिपरचा (सीडीवरची गाणी उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सिक्युअर मोड, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणारी सोय, लावा, नाहीतर गाण्यात टकटक येते.

तीच फाइल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीत की ते वाटप झालं. बहुतेक जण अडकतात ते इथेच. सीडी विकलीत तर फाइलीही पुसा. स्ट्रीमिंग ॲपचं ‘डाउनलोड’ तुमचं नसतंच; वर्गणी संपली की बंद. बेकायदा कॉपीसाठी त्या डाउनलोडवरचं डिजिटल कुलूप तोडलं तर कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद.

‘जुनं ते फुकट’ असंही नाही. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा ध्वनिमुद्रण-हक्क २०२० अखेर संपला, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. यूट्यूबवर चढवण्याआधी दोन्ही तपासा.